जाब कुणाला विचारायचा?

थंडीचे दिवस आले की आमच्या यावल-रावेर पट्ट्यात माणसं सकाळी सकाळी दोन गोष्टी बघतात. एक केळीचं पान आणि दुसरा मोबाइल. चरका किती बसला ते पानावर कळतं. त्याचे पैसे मिळतील का, ते मोबाइलवर फिरत आलेल्या तापमानाच्या आकड्यावर! (शहरातल्या मंडळींसाठी: कडाक्याच्या थंडीनं केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट बाहेर पडत नाही. त्याला आमच्याकडे चरका म्हणतात.)

फळपिकांचा जो हवामानावर आधारित विमा आहे, त्यात थंडीच्या नुकसानीसाठी कुणी बागेत येऊन पंचनामा करत नाही. आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं काय नोंदवलं, तेवढंच बघतात. किमान तापमान ठरलेल्या रेषेच्या खाली ठरलेले दिवस सलग राहिलं तर भरपाई, नाहीतर नाही. जळगावच्या केळीवाल्यांच्या तोंडी ही रेषा ८ अंशांची असते. म्हणजे ७.९ भरलं तर पैसे आणि ८.१ भरलं तर राम राम!

हा लेख विम्याबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो. विम्याचे निकष, हप्ते, कंपन्या यावर आमच्याकडे चावडीवर रोज लेख होतात. मला बोलायचंय ते त्या खांबाबद्दल. शेतात उभा असलेला एक खांब, त्यावरचा तापमापक, आत एक सिमकार्ड, कुठेतरी दूर बसलेला संगणक आणि शेवटी बँकेच्या खात्यात येणारे किंवा न येणारे पैसे अशी ही साखळी आहे. अशा साखळीला विद्वानांनी 'सायबर-फिजिकल सिस्टिम' असं भारदस्त नाव दिलंय. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या हेलन गिल यांनी २००६ मध्ये ते रूढ केलं. त्याचं धाकटं, जास्त लोकप्रिय भावंड म्हणजे 'इंटरनेट ऑफ थिंग्ज'. हे नाव केव्हिन अॅश्टन यांनी १९९९ मध्ये वापरलं. मराठीत अजून धड शब्द बसलेला नाही, म्हणून मी आपला घरगुती अर्थ लावतो: संगणकाचं चुकलं की जिथे पडद्यावर नाही तर जमिनीवर नुकसान होतं, ती ही व्यवस्था.

या विषयावर जगभर संशोधन चालू आहे. संशोधकांच्या यादीत बॅटरी किती टिकेल, नेटवर्क गेलं तर काय, हजारो यंत्रं एकमेकांशी कशी बोलतील, कुणी घुसखोरी केली तर काय असे प्रश्न असतात. सगळे खरेच आहेत. पण खानदेशात बसून बघितलं तर मला सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच वाटतो. यंत्र चुकलं तर जाब कुणाला विचारायचा? आणि जाब देता येईल असं यंत्र बांधायचं कसं? लोक म्हणतात हा कोर्टकचेरीचा प्रश्न आहे. मला वाटतं तो आधी इंजिनिअरिंगचा आहे. का, ते सांगतो.

सुरुवात आपल्या जुन्या ऑटोस्विचपासून करू. शेतीची वीज आमच्याकडे वर्षानुवर्षं पाळीपाळीनं येत आली आहे, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला वीज आली की उठून विहिरीवर जायचं, अंधारात साप-विंचू तुडवत. त्यावर उपाय म्हणून स्टार्टरच्या पेटीत ऑटोस्विच आला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. शेतकरी घरी निवांत. आता गंमत बघा. एका डीपीवर समजा पंचवीस मोटरी आहेत आणि सगळ्यांना ऑटोस्विच आहे. वीज येते त्या क्षणी पंचवीसच्या पंचवीस मोटरी एकदम उठतात. आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. डीपी जळते! मग नवीन डीपी येईपर्यंत सगळ्यांचीच पिकं उन्हात. म्हणूनच महावितरण इतकी वर्षं सांगतंय की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा.

यात चूक कुणाची? प्रत्येक पेटीनं आपलं काम चोख केलं. वीज आली, मोटर चालू केली. एकही यंत्र बिघडलेलं नाही, तरी सगळी व्यवस्था कोसळली. सुटे भाग बरोबर असून जोडणी चुकते, हा या शास्त्रातला मोठा प्रश्न मानला जातो आणि तो आमच्या डीपीखाली कधीपासून पडून आहे. उपाय तसा अवघड नाही. प्रत्येक पेटीनं आपल्या मनानं काही मिनिटं थांबून मग सुरू व्हायचं. कुणी दोन मिनिटं, कुणी सात. पण मग शेजाऱ्याच्या आधी आपलं पाणी सुरू व्हावं म्हणून पहिला माणूस तो उशीर काढून टाकणार, हेही मी खानदेशी असल्यामुळे खात्रीनं सांगतो! म्हणजे यंत्राबरोबर माणसाचाही हिशोब धरावा लागतो.

मग मोबाइल स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं गाजलेलं नाव. घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करायची. रात्रीच्या खेपा वाचल्या, हे फार मोठं काम झालं, त्याबद्दल दुमत नाही. पुढे असे अनेक प्रकार बाजारात आले. आमच्या मामांनी त्यातलाच एक बसवला होता. कोणत्या कंपनीचा, ते जाऊ द्या. एकदा दोन रात्री ओळीनं 'मोटर चालू' असा मेसेज येत होता आणि बाग कोरडी. पाइप बांधाजवळ निसटून सगळं पाणी नाल्यात चाललं होतं. मी कंपनीला फोन लावला, तर पलीकडून अगदी नम्रपणे उत्तर आलं, "सर, आमच्या सिस्टिममध्ये मोटर चालू दिसतेय." मामा शेजारीच उभे. म्हणाले, "मोटर चालू आहे ते मलाही ऐकू येतंय रे. पाणी कुठंय ते विचार त्यांना!"

मला वाटतं मामांनी एका वाक्यात पीएचडीचा विषय सांगितला. यंत्राला जे मोजायला सोपं होतं ते त्यानं मोजलं, म्हणजे मोटरला वीज पोचली की नाही. आम्हाला जे हवं होतं, म्हणजे झाडाला पाणी पोचलं की नाही, ते त्यानं मोजलंच नाही. पण मेसेज मात्र अशा थाटात पाठवला की जणू सगळं आलबेल आहे. 'मला एवढंच माहीत आहे, पुढचं माहीत नाही' असं म्हणणारं यंत्र अजून फारसं कुणी बनवत नाही.

जमिनीतल्या ओलाव्याचं बघा. आता ठिबकवाल्यांना ओलाव्याचे सेन्सर विकायला येतात. जळगावला ठिबक म्हणजे घरचं कार्य. भवरलाल जैन यांच्यामुळे या गावाचं नाव ठिबकशी कायमचं जोडलं गेलं. तेव्हा इथे सेन्सर चालला पाहिजे, नाही का? पण आपली काळी जमीन मोठी लबाड. ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरच्या दांड्याशी पडली की माती आणि दांडा यांच्यामध्ये हवा शिरते. मग सेन्सर सांगतो, जमीन ठणठणीत कोरडी आहे, पाणी सोडा. चार बोटांवर मुळांशी ओल असते! खारवट पाण्यानंही आकडा बिघडतो. एका शेतात बसवलेला आकडा दुसऱ्या शेतात जसाच्या तसा लागू होत नाही. दुसऱ्या कुठल्या मातीत तपासून आणलेलं यंत्र तापीकाठच्या काळ्या जमिनीत खरं बोलेलच असं नाही.

वेळेचा प्रश्न आणखी मजेदार आहे. अमेरिकेतले प्राध्यापक एडवर्ड ली यांनी २००८ मध्ये यावर एक निबंध लिहिला होता. संगणकाच्या सगळ्या भाषा-बिषा बनवताना आपण वेळ बाजूला काढून ठेवली, हे त्यांचं मुख्य म्हणणं. संगणकात उशीर म्हणजे फक्त हळू. बाहेरच्या जगात उशीर म्हणजे चूक. आमच्या ठिबकवाल्या कुठल्याही माणसाला हे निबंध न वाचता माहीत आहे. एका प्लॉटचं पाणी बंद करून दुसऱ्याला द्यायचं असेल तर आधी दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग पहिल्याचा मिटायचा. उलट केलं तर पंपाचा सगळा दाब पाइपात कोंडतो आणि पाइप फुटतो. आता हे दोन हुकूम नेटवर्कवरून पाठवा. 'मिट' आधी पोचलं आणि 'उघड' वाटेत अडकलं, की झालं! फेसबुकवर फोटो उशिरा दिसला तर कुणाचं काही जात नाही. इथे जातं.

आणि हुकूम नेमका दिला कुणी, हेही कळायला हवं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मारूची भागात २००० साली सांडपाण्याचे पंप विचित्र वागू लागले. आधी सगळ्यांना वाटलं नवीन यंत्रणा आहे, बिघाड असेल. शेवटी कळलं की ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेला एक माणूस गाडीत रेडिओ घेऊन हिंडत खोटे हुकूम देत होता. लाखो लिटर घाण पाणी ओढ्यांत आणि बागांत गेलं. बिघाड की खोडी, हे यंत्रणेला स्वतःला सांगता येत नव्हतं, आणि घोळ इतके दिवस चालू राहिला तो त्यामुळेच.

आता परत आपल्या खांबाकडे. राज्यात 'महावेध' प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. मी साधा भागाकार केला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर. बारा किलोमीटर लांब, बारा किलोमीटर रुंद! एवढ्या भागात एकच आकडा. थंड हवा जड असते, रात्री ती खोलगट भागात, नदीकाठी साचते. आमच्या बागा नेमक्या तिथेच. खांब जर उंचवट्यावर, किंवा भिंतीजवळ, किंवा फरशीच्या बाजूला असेल तर त्याचं पहाटेचं तापमान बागेपेक्षा जास्तच दाखवणार. शिवाय चांगल्या तापमापकातही दशांश अंशांची चूक गृहीतच धरलेली असते, आणि वर्षं जातील तशी ती वाढते. म्हणजे ७.९ आणि ८.१ यांतला फरक कधी कधी थंडीचा नसतोच, यंत्राचा असतो. आणि पैशांचा निकाल मात्र त्याच फरकावर!

केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'विंड्स' नावाची योजना आणली. त्यात तालुका पातळीवर हवामान केंद्रं आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक वाढवायचे आहेत. चांगलंच आहे. जाळं दाट झालं की आकडा बागेच्या जवळ येईल. पण खांब दहापट झाले म्हणून जाब विचारण्याची सोय आपोआप होत नाही. दहा खांब दहा आकडे देतील, आणि त्यातला कोणता खरा हे कुणी ठरवायचं, हा नवा तंटा उभा राहील.

यावर लगेच एक उत्तर येतं, आणि ते मला मान्य आहे. माणसांचे पंचनामे काय धुतल्या तांदळासारखे होते? कुणाच्या ओट्यावर चहा झाला त्यावर नुकसान किती ते ठरायचं. यंत्र निदान कुणाचा पाहुणा नसतं. गरिबाच्या बागेला आणि पाटलाच्या बागेला एकच आकडा. ही यंत्राची फार मोठी बाजू आहे आणि ती सोडून परत जुन्या दिवसांकडे जावं असं मी अजिबात म्हणत नाही. पण पक्षपात नसणं म्हणजे खरं असणं नव्हे. घड्याळ बंद पडलं तर ते सगळ्यांना सारखीच चुकीची वेळ दाखवतं!

आता तापी ओलांडून जरा पश्चिमेला, धुळे जिल्ह्यात जाऊ. साक्री भागात पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत होती. तीनशे-चारशे वर्षांची जुनी. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि खाली शेतांचे फड. बंधाऱ्याला पाणी किती आहे ते बघून शेतकरी एकत्र बसून ठरवायचे की यंदा कोणत्या फडात कोणतं पीक. एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा. एकेकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची, म्हणून तोटा सगळ्यांना वाटून यायचा. पाणी फिरवायला पाटकरी, बारेकरी, वर देखरेखीला हवालदार, आणि त्यांना मोबदला शेतकऱ्यांकडूनच.

नीट बघा, यात सगळं आहे. मोजमाप आहे, हिशोब आहे, हुकूम आहे, आणि तो पाळून पाणी सोडणारा हात आहे. फक्त संगणक नाही. आणि एक गोष्ट जास्तीची आहे. पाणी आलं नाही तर बारेकऱ्याला बांधावर उभं करून विचारता यायचं, "का रे, माझी पाळी कुठं गेली?" आणि त्याला उत्तर द्यावं लागायचं, कारण त्याचं धान्य त्याच माणसाच्या खळ्यावरून यायचं. त्या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. मोठ्याचं वजन तेव्हाही असणारच. पण प्रश्न विचारायला जागा होती.

याच भागाशी आणखी एक नाव जोडलेलं आहे. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, तेव्हाचं त्यांचं सुरुवातीचं काम खानदेशातलं. दातर्तीला पांझरेच्या पात्रातून पाइपाचा सायफन नेण्याचं. पुढे याच माणसानं १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की उघडायचे, उतरलं की मिटायचे. म्हणजे स्वयंचलित यंत्रणा आपल्याला नवीन नाही, शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. फरक एवढाच की त्या दरवाजाचं कारण काठावर उभ्या माणसाला डोळ्यांनी दिसायचं. पाणी चढलं म्हणून उघडला. आजच्या खांबाचं कारण कुठल्यातरी सर्व्हरमध्ये असतं आणि तिथे शेतकऱ्याला प्रवेश नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. फडातली ती प्रश्न विचारायची जागा नव्या यंत्रांत परत आणणं, हे खरं संशोधन आहे. त्यासाठी काय काय लागेल? यंत्रानं आकड्याबरोबर आपली खात्री किती तेही सांगावं. ८.१ नव्हे, तर '८.१, पण इकडे-तिकडे अर्धा अंश'. मग विम्याचा नियमही एका रेषेवर न ठेवता पायऱ्यांचा करता येईल. शेजारच्या केंद्रांशी आपला आकडा जुळत नसेल तर यंत्रानं स्वतःहून हात वर करावा. शेवटची तपासणी कधी झाली ते खांबावरच मराठीत लिहिलेलं असावं. सगळे आकडे गावाला खुले असावेत. हुकूम कुणी दिला, कधी दिला याची पुसता न येणारी नोंद असावी. आणि प्रत्येक व्हॉल्व्हला हातानं फिरवायचं चाक असावं, कारण नेटवर्क जातंच! यातली प्रत्येक गोष्ट ऐकायला सोपी आहे. कमी पैशांत, मे महिन्याच्या ४५ अंशांत आणि धुळीत ती वर्षानुवर्षं टिकवणं अजिबात सोपं नाही. म्हणून तर संशोधन.

पैसे नाहीत असंही नाही. केंद्रानं डिसेंबर २०१८ मध्ये याच विषयाच्या राष्ट्रीय मोहिमेला ३,६६० कोटी रुपये मंजूर केले. देशभर २५ केंद्रं निघाली. आयआयटी मुंबईत इंटरनेट ऑफ थिंग्जचं, तर शेती आणि पाण्याचं पंजाबात रोपरच्या आयआयटीत. त्यांनी जरूर काम करावं. पण काळ्या मातीची भेग आणि केळीचा चरका रोपरहून दिसणार नाही. तो दिसेल जळगाव-धुळ्याच्या पोरांना. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं काही कमी नाहीत, आणि शेवटच्या वर्षाला 'स्मार्ट इरिगेशन' हा प्रोजेक्ट दरवर्षी कुणीतरी करतोच. एक कुंडी, त्यात सेन्सर, छोटा पंप. माती कोरडी झाली की पंप सुरू, परीक्षक खूष, मार्क मिळाले आणि कुंडी कपाटावर.

भाचे-पुतण्यांपैकी दोघं-तिघं सध्या इंजिनिअरिंगला आहेत आणि हे वाचतात, म्हणून मुद्दाम सांगतो. बाबांनो, कुंडी सोडा. एकच सेन्सर घ्या, काकांच्या शेतात गाडा, आणि तीन उन्हाळे, तीन पावसाळे तिथेच राहू द्या. दर आठवड्याला फावड्यानं माती उकरून बघा, यंत्र खरं बोललं की खोटं, आणि वहीत लिहा. कधी चुकलं, का चुकलं, उंदरानं वायर कुरतडली, की भेग पडली, की वीज गेली. अशी तीन वर्षांची एक वही माझ्या मते शंभर कुंड्यांना भारी आहे. तुमच्या पुढचा विद्यार्थी तीच वही घेऊन पुढे जाईल. चार-पाच कॉलेजांनी मिळून हे केलं तर हवामानाच्या खांबाला प्रश्न विचारायला निदान आपल्या हातात काही पुरावा असेल.

असो. बरंच लांबलं. ज्यांच्या शेतात अशी यंत्रं बसली आहेत त्यांचे अनुभव ऐकायला मला मनापासून आवडतील. विशेषतः यंत्र चुकल्यावर तुम्ही फोन कुणाला लावला, आणि पलीकडून काय उत्तर आलं, ते नक्की सांगा.